वाळू आणि पावसापासून हेलिकॉप्टरच्या पात्यांचे संरक्षण

मुख्य रोटरच्या (हेलिकॉप्टरच्या डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याच्या) पात्याचे टोक सेकंदाला साधारण 200 मीटर वेगाने फिरत असते, आणि त्या वेगाला वाळूचा कण काय किंवा पावसाचा थेंब काय, दोन्ही पात्याच्या पुढच्या कडेवर घाव घालतात. मुळाकडे वेग कमी असल्यामुळे तिथली झीज किरकोळ असते. म्हणून तपासणी टोकापासून सुरू करावी.

या दोन घावांवरचा उपाय मात्र एक नाही. कडेवर बसवलेली निकेल, टायटॅनियम किंवा स्टेनलेस स्टीलची पट्टी पावसाला चांगली पुरते, पण वाळू तिला खरवडून पातळ करते. रात्री धुळीत उतरताना रोटरभोवती जे ठिणग्यांचे कडे दिसते, ते याच धातूचे पेटलेले कण असतात. याउलट पॉलियुरेथेनची टेप लवचिक असल्याने वाळूचा मारा सोसते, परंतु जोरदार पावसात तीच टेप भोके पडून फाटते. त्यामुळे टेप लावायची की नाही, हे पुढची उड्डाणे कुठे आहेत ते पाहून ठरवावे, आणि त्या पात्यासाठी निर्मात्याच्या देखभाल पुस्तिकेत परवानगी असेल तरच लावावी.

टेप लावण्यापूर्वी नाण्याने पट्टीवर हलके टकटक करत जावे. खणखणीत आवाजाच्या जागी बद्द आवाज आला, तर पट्टी आतून सुटली असण्याची शक्यता असते. असे पाते टेपने झाकणे म्हणजे दोष लपवणे होय. त्यानंतर पुस्तिकेत सांगितलेल्या द्रावकाने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पृष्ठभाग पुसून तो पूर्ण कोरडा होऊ द्यावा. घाई इथेच अंगाशी येते, कारण बोटाचा तेलकट ठसासुद्धा चिकटपणा घालवतो. टेपचा मध्य कडेच्या रेषेवर ठेवून हवा दोन्ही बाजूंना बाहेर दाबत न्यावी, टेप ताणू नये आणि टोकाजवळची पाणी निघून जाण्याची छिद्रे बुजवू नयेत.

सर्व पात्यांवर टेपची लांबी आणि जागा अगदी सारखी हवी. त्यात फरक पडला की कंपने वाढतात, म्हणून काम संपल्यावर ट्रॅकिंग (सर्व पात्यांची टोके एकाच पातळीत फिरतात का) आणि बॅलन्सिंग (रोटरचा तोल) तपासून लॉगबुकात नोंद करावी. पावसातून आल्यानंतर एखाद्या पात्यावरची टेप फाटलेली आढळली, तर तेवढीच ओढून काढून उड्डाण करू नये. काढायची असेल तर ती सगळ्याच पात्यांवरची काढावी, आणि त्यासाठी खरवडायला धातूचे साधन वापरू नये.