गल्ला वाढला म्हणजे विक्री वाढली?

दुकानाची वाढ मोजताना बँकेत जमा झालेली रक्कम धरू नका. त्यात जीएसटी असतो, आणि तो आपला नव्हेच. सरकारच्या वतीने आपण तो फक्त गोळा करतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी ३०,००० रुपयांचा एसी आधी ३८,४०० ला जायचा, आता ३५,४०० ला. जमा जवळपास ८ टक्क्यांनी घटली, विक्री मात्र होती तेवढीच! म्हणून करपूर्व रकमेतून परत आलेला माल आणि बिलावर दिलेली सूट वजा करा. उरते ती खरी विक्री. उधारीवर दिलेला माल यात येतो, पण आगाऊ घेतलेले पैसे माल देईपर्यंत येत नाहीत.

तुलना गेल्या वर्षीच्या त्याच काळाशी करा, पण दिवाळी कुठल्या महिन्यात होती तेही बघा. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, २०२४ मध्ये १ तारखेला. म्हणजे बरीचशी खरेदी ऑक्टोबरातच उरकली. अशा वेळी दोन्ही महिन्यांची बेरीज करूनच तुलना करावी.

आणि नग किंवा किलो वेगळे लिहाच, हे बहुतेक जण टाळतात. समजा, गेल्या वर्षी २०० किलो चकली ४०० रुपयांनी विकली, यंदा १९० किलो ४४० ने. विक्री ८०,००० वरून ८३,६०० झाली, म्हणजे साडेचार टक्के वाढ. चकली मात्र १० किलो कमीच खपली.