पूर ओसरल्यावर उसाचा आधी शेंडा पाहा

कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे हेच आकडे ४० आणि ४५ फूट आहेत. नदीकाठच्या सखल रानातला (मळीतला) ऊस मात्र त्याआधीच पाण्यात असतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कित्येक फड शेंड्यासकट बुडाले. पाणी उतरल्यावर सगळा फड सारखाच दिसतो, गाळाने माखलेला आणि तपकिरी. कुठला ऊस जगणार आणि कुठला गेला, हे शेंडा चिरल्याशिवाय कळत नाही. म्हणून खत, फवारणी किंवा नांगर यांचा विचार त्यानंतरच करा.

उसाचा वाढीचा कोंब वरच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या न उलगडलेल्या पानांच्या गुंडाळीत असतो. पोंगा पाण्याच्या वर राहिला तर खालची कांडी बरेच दिवस पाण्यात राहूनही ऊस तग धरतो आणि बुडालेल्या पेऱ्यांवर पांढऱ्या मुळ्या फुटतात. पोंग्यात गाळ शिरला, पाणी साचून राहिले आणि वरून ऊन पडले, की कोंब कुजतो. वाहत्या पाण्यापेक्षा साचलेले पाणी जास्त घातक, कारण त्यातला प्राणवायू लवकर संपतो.

म्हणून पहिले काम पाणी काढण्याचे. बांधाला वाट द्या, उताराच्या बाजूने दोन-अडीच फूट खोल चर काढा आणि खोलगट जागी इंजिन लावा. पुरात बुडालेली विजेची मोटार आणि स्टार्टर तसेच चालू करू नका. वाइंडिंग सुकवून, मेगरने (वीज गळते का ते दाखवणाऱ्या यंत्राने) तपासून, बेअरिंगचे ग्रीस बदलल्यावरच त्यांना वीज द्या. ओल्या काळ्या रानात ट्रॅक्टर घालू नका. माती दाबली गेली की उरलेल्या मुळ्यांनाही हवा मिळत नाही. फडात साप-विंचू आसऱ्याला आलेले असतात, तेव्हा गमबूट आणि काठी घेऊनच उतरा.

पाणी उतरल्यावर चार-पाच दिवसांनी फडात पाच ठिकाणचे चार-चार ऊस घ्या. बांधाकडेचे नकोत, आतले घ्या. शेंडा विळ्याने उभा चिरा. आतला गाभा पांढरा आणि टणक असेल तर ऊस जिवंत आहे. तो तपकिरी, बुळबुळीत आणि आंबूस वासाचा असेल तर शेंडा मेला. शंका वाटली तर न चिरलेल्या उसाच्या पोंग्यावर पेनाने आडवी रेघ मारा. तीन-चार दिवसांत आतल्या पानावरची रेघ वर सरकली, तर वाढ सुरू आहे. वीसपैकी किती जिवंत ते वहीत लिहा, पुढचे निर्णय त्यावरच होतात.

शेंडा जिवंत असलेल्या उसाला आठवडाभर मातीतून खत देऊ नका. इथेच सर्वांत जास्त पैसा वाया जातो: पिवळी पाने पाहून घाईने युरिया टाकला जातो, पण मुळ्या गुदमरलेल्या असतात आणि चिखलातले नत्र एक तर झिरपून जाते, नाहीतर वायू होऊन उडते. वाफसा आल्यावर, म्हणजे माती हाताला न चिकटण्याइतकी सुकल्यावर, सहा-सात महिन्यांच्या सुरू (जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या) उसाला एकरी एक गोणी युरिया (४५ किलो) आणि २५ किलो पोटॅश सरीतून मातीआड द्या. तोपर्यंत हात पोहोचेल तिथे १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला १० ग्रॅम याप्रमाणे फवारा. पानांवरचा गाळ त्याआधी स्वच्छ पाण्याने धुवा, नाहीतर खत गाळावरच बसते. दहा-बारा महिन्यांच्या उसाला मात्र आता नत्र देऊच नये, पक्वता लांबते आणि साखर उतारा घसरतो.

पुरानंतरच्या दमट हवेत पोक्का बोईंग हा बुरशीचा रोग वाढतो: पोंग्याची पाने बुडाशी पिवळट-पांढरी पडतात, चुरगळतात आणि पुढे शेंडा कुजतो. दिसताच मॅन्कोझेब लिटरला ३ ग्रॅम किंवा कॉपर ऑक्सिक्लोराईड २ ग्रॅम हे बुरशीनाशक, स्टिकर (पानाला चिकटवणारे द्रव्य) घालून, दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा.

शेंडा मेला असेल तर वय पाहा. तोडीला आलेल्या उसाच्या खालच्या डोळ्यांतून पांगशा (बाजूचे फुटवे) फुटतात आणि कांडीतली साखर त्यांनाच लागते. त्या मोडत बसू नका, दुसरे डोळे फुटतात. असा फड कारखान्याच्या गट कार्यालयात आणि चिटबॉयकडे (ऊस नोंदी ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाकडे) पूरबुडीत म्हणून आजच नोंदवा आणि तोड पहिल्या टप्प्यात मागा. उशीर झाला की वजनही जाते.

सुरू किंवा खोडव्यात (तोडीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसात) निम्म्याहून जास्त शेंडे मेले असतील, तर उसाची पाच बेटे खणून जमिनीखालचे डोळे पाहा. ते टपोरे आणि जिवंत असतील तर वाफशावर ऊस जमिनीलगत कापून, बुडख्यांवर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लिटरला १ ग्रॅम फवारून खोडवा राखता येतो. डोळे काळे पडले असतील तर रान मोकळे करा. जुलैत लावलेल्या आडसालीची कांडी कुजली असेल, तर महिनाभराच्या ट्रेमधल्या रोपांनी रिकाम्या जागा सांधून घ्या. निम्म्याहून जास्त तुटाळ (रिकाम्या जागा) असेल तर सांधण परवडत नाही, ऑक्टोबरात पूर्वहंगामी लावण करा. बुडालेल्या फडातले बेणे कुठेही वापरू नका.

खरीप पीकविम्याच्या यादीत ऊस नसतो, म्हणून पंचनामा चुकवू नये. ऊस कापण्याआधी तलाठी आणि कृषी सहायकांना फड दाखवा, ई-पीक पाहणीतली (मोबाइलवरून केलेली पिकाची) नोंद तपासा आणि जमिनीच्या गट नंबरनिहाय तारखेचे फोटो ठेवा. सरकारी मदतीला नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असावे लागते.

जनावरांना गाळ बसलेले वाडे (उसाच्या शेंड्याचा हिरवा चारा) घालू नका. कोरडी वैरण संपली असेल तर उंचावरच्या न बुडालेल्या फडातले वाडे आणा आणि तेही कुट्टी करून थोडेथोडे द्या.