एअरबॅग उघडली नाही? आधी धडक कुठून बसली ते बघा

पुण्यात नवले पुलाच्या उतारावर मागून ट्रकने ठोकलं, डिकी मागच्या सीटला टेकली आणि एअरबॅग काही उघडली नाही. असं कुणी सांगितलं की ऐकणारा लगेच म्हणतो, "कंपनीने फसवलं." पण स्टीअरिंगमधली एअरबॅग समोरच्या धडकेसाठी असते. मागून धक्का बसला की आपण सीटमध्ये रेटले जातो. तिथे कामाला येतो हेडरेस्ट, म्हणून तो डोक्याच्या उंचीला आणून ठेवा. आपल्याकडे तो बहुतेक वेळा मानेशीच असतो.

समोरून धडक बसली तरी बॉनेट किती चेपलं हे गाडी बघत नाही. क्षणार्धात वेग किती घटला, हे सेन्सर मोजतो. टणक भिंतीवर सरळ आदळलं तर ताशी साधारण 15 ते 25 किलोमीटरला एअरबॅग उघडते. उभ्या गाडीवर आदळलात तर तीही चेपते, सरकते, त्यामुळे तोच झटका बसायला जवळपास दुप्पट वेग लागतो. चाकणकडे ट्रेलरच्या मागून आत घुसलेली गाडी हा सगळ्यात वाईट प्रकार: बॉनेट खालून सरकतं, चासीचा भक्कम भाग कशाला लागतच नाही आणि सेन्सरला झटका कळायला उशीर होतो.

आता तपासणी. इग्निशन ऑन करा, इंजिन सुरू करू नका. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागूनच राहिला तर सिस्टिममध्ये बिघाड आहे, अशा वेळी एअरबॅग उघडेलच याचा भरवसा नाही. लागलाच नाही तर जास्त सावध व्हा. मी एक जुनी गाडी बघायला गेलो होतो, तिथे हेच झालं. "बल्ब गेला असेल साहेब," विकणारा म्हणाला. स्टीअरिंगच्या मधल्या झाकणाची फट एका बाजूला चांगलीच रुंद होती, नख आत जाईल एवढी. म्हणजे ते झाकण आधी कुणीतरी उघडलेलं असणार, आत एअरबॅग असेलच असं नाही. तिथूनच परतलो.

मग सीट कव्हर. सीटच्या कडेला एअरबॅगची पट्टी शिवलेली असेल तर नाना पेठेत कव्हर घेताना साइड एअरबॅगसाठीचंच मागा. त्याची कडेची शिवण मुद्दाम उसवेल अशी असते. बंपरच्या पुढे लोखंडी क्रॅश गार्ड लावलेला असेल तर काढून टाका. तो धडकेचा झटका भलतीकडे वळवतो, शिवाय 2017 पासून त्यावर बंदी आहे.

बेल्ट मात्र लावाच. बेल्ट नसेल तर ब्रेक दाबल्याबरोबर तुम्ही पुढे सरकता आणि फुगणारी बॅग थेट तोंडावर बसते.

अपघात होऊनही ती उघडली नसेल आणि शंका असेल, तर दुरुस्तीला हात लावण्याआधी बॉनेटचे आणि डॅशबोर्डवरच्या दिव्यांचे फोटो काढा. सर्व्हिस सेंटरला एअरबॅग मॉड्यूल, म्हणजे एअरबॅग चालवणारा छोटा कॉम्प्युटर, स्कॅन करून त्यातल्या फॉल्ट कोडची (बिघाडाच्या नोंदींची) प्रिंट द्यायला सांगा. ती हातात पडेपर्यंत कोड पुसू देऊ नका.