आयपी कॅमेरा: पत्ता पक्का करा, पोर्ट बंद ठेवा

हिकव्हिजन कंपनीच्या नव्या कॅमेऱ्याचा मूळ नेटवर्क पत्ता (आयपी ॲड्रेस) बहुधा १९२.१६८.१.६४ असतो, दाहुआचा १९२.१६८.१.१०८. तुमचा राउटर वेगळी मालिका वापरत असेल, उदाहरणार्थ जिओफायबरची १९२.१६८.२९, तर ब्राउझरमध्ये हा पत्ता टाकून लॉगिनचं पान उघडत नाही. कॅमेरा बिघडलाय असं समजून परत करू नका. तो फक्त दुसऱ्या सबनेटमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या वेगळ्या गटात, आहे. हिकव्हिजनसाठी एसएडीपी किंवा दाहुआसाठी कॉन्फिगटूल हे कॅमेरा शोधणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चालवा. लॅपटॉप आणि कॅमेरा एकाच स्विचवर असले की सबनेट वेगळं असूनही कॅमेरा यादीत दिसतो. तिथेच पासवर्ड ठरवा आणि पत्ता बदला.

पत्ता स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा हवा आणि राउटरच्या डीएचसीपी रेंजबाहेरचा, म्हणजे राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांबाहेरचा हवा. पत्त्याच्या शेवटच्या आकड्याची रेंज २ ते १०० असेल तर कॅमेऱ्याला २०१ द्या. नाहीतर एखाद्या दिवशी राउटर तोच पत्ता कुणाच्या तरी फोनला देतो आणि चित्र अधूनमधून गायब होऊ लागतं. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे म्हणजे राउटरचा पत्ता. गेटवे किंवा डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारा सर्व्हर) चुकलं तरी घरात चित्र दिसत राहतं, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण इंटरनेटवरून वेळ जुळत नाही आणि सूचनाही येत नाहीत. एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ जुळवण्याची सोय) चालू करून टाइम झोन जीएमटी +५:३० ठेवा. चुकीच्या वेळेचं रेकॉर्डिंग चोरी झाल्यावर फार उपयोगी पडत नाही.

कॅमेऱ्याचा पासवर्ड बदललात तर एनव्हीआरमध्येही (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) लगेच बदला. तो जुन्याच पासवर्डने वारंवार लॉगिन करत राहतो आणि कॅमेरा त्याला लॉक करून टाकतो.

आता बाहेरून पाहण्याचं. हिकव्हिजनमध्ये वेब पानासाठी ८० आणि ४४३, व्हिडिओसाठी ५५४, सॉफ्टवेअरसाठी ८००० हे पोर्ट, म्हणजे जोडणीची दारं असतात. इन्स्टॉलर ते सर्रास राउटरवर फॉरवर्ड करून, म्हणजे इंटरनेटला उघडे करून देतात. तसं करू देऊ नका. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने मूळ पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले. २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या वेब सर्व्हरमध्ये अशी त्रुटी उघड झाली की पासवर्ड नसतानाही कमांड चालवता येत होती. अशा वेळी तुमचा मजबूत पासवर्डही कामाचा नाही, म्हणून फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) ताजं ठेवा. ८० ऐवजी ८०८० लावून काही साधत नाही, स्कॅनर तोही तपासतात. यूपीएनपी (आपोआप पोर्ट उघडणारी सोय) कॅमेऱ्यात आणि राउटरमध्ये, दोन्हीकडे बंद करा.

त्याऐवजी राउटरवर वायरगार्ड व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये येण्याचा सुरक्षित मार्ग) लावा. त्याला यूडीपीचा एकच पोर्ट पुरतो, सहसा ५१८२०. आधी राउटरचा वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांमधला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटलेल्या एकाच बाहेरच्या पत्त्यामागे आहात, बाहेरून थेट जोडणी होणार नाही. मग ब्रॉडबँड कंपनीकडून स्टॅटिक आयपी घ्या, किंवा हिक-कनेक्टसारखं कंपनीचं ॲप एन्क्रिप्शन चालू ठेवून वापरा.

शेवटी फोनचं वायफाय आणि व्हीपीएन बंद करून, मोबाइल डेटावर, राउटरचा बाहेरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. कॅमेऱ्याचं पान उघडलं तर फॉरवर्डिंगची यादी पुन्हा तपासा.