आरसी (रेडिओ कंट्रोलवर चालणारा) ट्रक-ट्रेलर बांधताय? आधी चौकट, मग रंग : या चुका टाळा

किटचा डबा उघडला की हात आधी कॅबिनकडे जातो. क्रोमचे आरसे, ग्रिल, स्टिकरचा कागद, सगळं तिथेच असतं. मी माझा पहिला ट्रक असाच बांधला. कॅबिन तीन आठवडे रंगवत बसलो आणि चौकट एका रात्रीत जोडून टाकली. चालवायला घेतला तर तो सारखा डावीकडे ओढायचा, आणि ट्रेलर लावला की मागची चाकं जागच्या जागी फिरायची. सगळा उकलावा लागला आणि त्या खटाटोपात कॅबिनचा रंगही खरवडला गेला. त्यानंतर बरेच ट्रक माझ्या टेबलावर आले. सुटा भाग सदोष असल्याची उदाहरणं त्यांत थोडी निघाली. बहुतेक ट्रक चुकीच्या क्रमाने जोडलेले होते. म्हणून हा लेख चौकटीपासून सुरू होऊन कॅबिनकडे जातो.

आधी मापाचा हिशोब

टामियाच्या किंग हॉलरसारख्या किटमुळे रूढ झालेलं 1/14 हे माप धरू. लांबी 14 ने भागायची, त्यामुळे 13.6 मीटरचा खरा ट्रेलर 97 सेंटीमीटरचा होतो. वजन मात्र 14 गुणिले 14 गुणिले 14, म्हणजे 2744 ने भागायचं. 40 टनांचा भरलेला ट्रक-ट्रेलर या हिशोबाने साडेचौदा किलोंचा झाला. ताशी 80 किलोमीटरचा वेग 14 ने भागला की पावणेसहा किलोमीटर उरतात, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाचा वेग.

हा हिशोब न केल्याने होणारी चूक म्हणजे वेगवान मोटर बसवणं. रेसिंग गाडीची कमी टर्नची (आतल्या तारेचे वेढे कमी असलेली) मोटर ट्रकला लावली की तो सुसाट पळतो, पण चढावर भरलेला ट्रेलर ओढताना मोटर आणि तिचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर दोन्ही तापतात. ट्रकला 540 आकाराची 27 टर्नची साधी मोटर पुरते. जड माल ओढायचा असेल तर 35 टर्न किंवा त्याहून वरची घ्या. टर्न वाढले की वेग उतरतो आणि ट्रक खऱ्यासारखा जड पावलांनी निघतो. मला तरी तेच पाहायला आवडतं.

वाकडी चौकट

एका बाजूला ओढणारा ट्रक पाहिला की लोक स्टिअरिंगचा ट्रिम, म्हणजे ट्रान्समीटरवरून चाकांची मधली जागा बारीक सरकवायची सोय, फिरवतात. ट्रिमने दोष झाकला जातो, जात नाही. ॲल्युमिनियमच्या दोन लांब पट्ट्यांमध्ये आडवे तुकडे बसवताना पहिला तुकडा पक्का आवळला, मग दुसरा, मग तिसरा, असं केलं की चौकटीला पीळ बसतो. पीळ डोळ्यांना दिसत नाही, पण एक चाक जमिनीवर नीट टेकत नाही आणि ट्रक त्या बाजूला खेचतो.

जाड काचेवर किंवा सपाट फरशीच्या तुकड्यावर चौकट ठेवून सगळे स्क्रू आधी नुसते लावून घ्या. कोपऱ्यांत गुण्या धरून काटकोन तपासा, दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे आले की आलटून पालटून आवळा. शेवटी चारही कोपरे बोटाने दाबून पाहा. एकही कोपरा डुगडुगला तर स्क्रू सैल करून पुन्हा.

स्क्रूबद्दल दोन गोष्टी. जपानी किटमधले चौफुलीचे स्क्रू जेआयएस पद्धतीचे असतात. नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर त्यांच्या खाचेत पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर सरकतो आणि खाच चाटून टाकतो. जेआयएस टोकाचा एक चांगला ड्रायव्हर घ्या, तो आयुष्यभर पुरेल. दुसरं म्हणजे थ्रेडलॉक, स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव. धातूत बसणाऱ्या धातूच्या प्रत्येक स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकचा बारीक थेंब लावा, नाहीतर कंपनाने स्क्रू गळून पडतील. प्लास्टिकला मात्र तो लागू देऊ नका. एबीएस आणि पॉलिकार्बोनेट ही प्लास्टिकं त्याने ठिसूळ होऊन तडकतात. प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू पुन्हा बसवताना आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात तो टक्‌ करून उतरला की मगच सुलट फिरवा. नाहीतर दरवेळी नवा आटा पडत जाईल आणि शेवटी भोक मोठं होऊन स्क्रू पकडणारच नाही.

मागची चाकं एकमेकांशी भांडतात

6x4 ट्रकमध्ये, म्हणजे मागच्या दोन्ही ॲक्सलना (चाकांच्या आसांना) मोटरचा जोर मिळणाऱ्या ट्रकमध्ये, ही चूक फार होते आणि ती पटकन ओळखू येत नाही. एका ॲक्सलच्या डिफरन्शियलचं (वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जुळणीचं) मोठं दातेरी चक्र उलट्या बाजूला बसलं की तो ॲक्सल मागे फिरतो आणि दुसरा पुढे. ट्रक जागेवर थरथरतो, मोटर कण्हते, आणि माणूस गिअरबॉक्स उघडून बसतो. बॅटरी जोडायच्या आधी ट्रकचा मागचा भाग उचला आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सचा जोर मागच्या ॲक्सलपर्यंत नेणारा दांडा) हाताने फिरवा. चारही चाकं एकाच दिशेने फिरली पाहिजेत. अर्ध्या मिनिटाची ही तपासणी न केल्यामुळे अख्खी संध्याकाळ गेलेली मी पाहिली आहे.

शाफ्टच्या दोन टोकांचे युनिव्हर्सल जॉइंट एका रेषेत ठेवायचे, म्हणजे दोन्हींचे काटे एकाच पातळीत हवेत. ते नव्वद अंशांनी फिरलेले असतील तर शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो आणि मध्यम वेगाला घरघर सुरू होते. हा आवाज ग्रीसने थांबत नाही.

बेअरिंग सुरुवातीलाच बसवा. अनेक किटमध्ये त्याऐवजी प्लास्टिकचे किंवा धातूचे बुश, म्हणजे छर्रे नसलेल्या साध्या कड्या, मिळतात. ‘चालवून पाहू, मग बदलू’ म्हटलं तर गिअरबॉक्स आणि ॲक्सल दोन्ही पुन्हा पूर्ण उघडावे लागतात. 1150 असा आकडा दिसला तर बाहेरचा व्यास 11 आणि आतला 5 मिलिमीटर असं वाचायचं. ग्रीस मात्र हात राखून. दातांवर पातळ थर पुरे. गिअरबॉक्स ग्रीसने भरला तर ते बाहेर येऊन धूळ गोळा करतं, आणि ग्रीसमधली धूळ दातांना कानशीसारखी घासते.

डिफरन्शियल लॉक करायची, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं एकाच वेगाने फिरतील असं जखडायची, हौस अनेकांना असते. मातीत चालवणार असाल तर ठीक. गुळगुळीत फरशीवर लॉक केलेल्या ट्रकला वळण मोठं घ्यावं लागतं आणि टायर घसटत जातात.

सर्व्हो : आधी वीज, मग हॉर्न

सर्व्हो म्हणजे चाकं वळवणारी किंवा गिअर बदलणारी छोटी मोटर, आणि हॉर्न म्हणजे तिच्या आसावरचा छोटा हात. हा हॉर्न अंदाजाने बसवू नका. ट्रान्समीटरचा ट्रिम शून्यावर आणा, आधी ट्रान्समीटर आणि मग ट्रक चालू करा, सर्व्हो मधोमध येऊन थांबला की मग हॉर्न लावा. बंद करताना क्रम उलटा : आधी ट्रक, मग ट्रान्समीटर.

तीन गिअरच्या गिअरबॉक्सचा सर्व्हो जास्त छळतो. लक्षण असं असतं : तिसरा गिअर पडतो, पण सर्व्हो घूं घूं करत राहतो आणि थोड्या वेळात हाताला चटका देतो. गिअर बदलणारा दांडा आत टेकलेला असतो, सर्व्होला मात्र अजून पुढे जायचं असतं. लिंक (हॉर्न आणि दांडा जोडणारी सळई) काढा, दांडा बोटाने तिन्ही जागी सरकवून त्याची खरी चाल किती ते बघा. मग ट्रान्समीटरमध्ये एंड पॉइंट (सर्व्होच्या चालीची मर्यादा) कमी करत त्या चालीला जुळवा. ती सोय नसेल तर लिंक हॉर्नच्या आतल्या भोकात घ्या, चाल आपोआप कमी होते.

उभ्या ट्रकमध्ये गिअर कधी कधी पडत नाही, कारण दातासमोर दात आलेला असतो. हा बिघाड नव्हे. थ्रॉटलला अगदी हलका स्पर्श केला की गिअर सरकतो. पूर्ण थ्रॉटलवर गिअर बदलणं मात्र टाळाच, दातांच्या कडा गोल होतात आणि मग गिअर निसटायला लागतो.

ट्रेलर

ट्रेलरकडे लोक मागे जोडायची पेटी म्हणून बघतात, त्यामुळे इथल्या चुका सगळ्यात जास्त आणि सगळ्यात दुर्लक्षित.

रिकामा, हलका ट्रेलर ओढताना मागची चाकं घसरली की दोष टायरना दिला जातो. पण पकड हवी तर फिफ्थ व्हीलवर, म्हणजे ट्रेलर ज्यावर टेकतो त्या ट्रकवरच्या तबकडीवर, वजन यायला हवं. माल ट्रेलरच्या ॲक्सलच्या मागे ठेवला तर तो सी-सॉसारखा उलटा तोलतो आणि किंगपिन (ट्रेलरची फिफ्थ व्हीलमध्ये अडकणारी खुंटी) वर उचलतो. ट्रकच्या चाकांवरचा भार त्यामुळे उलट कमी होतो. वजन किंगपिन आणि ॲक्सल यांच्या मध्ये, थोडं पुढच्या बाजूला ठेवा. ते बांधूनही ठेवा, कारण ब्रेक मारल्यावर सुटं वजन पुढे आपटतं.

उंची जुळली नाही तर ट्रेलर नाक खाली करून किंवा वर करून चालतो. माल भरल्यावर लीफ स्प्रिंग दबतात, म्हणून उंची भरलेल्या स्थितीत मोजा. रिकाम्या ट्रेलरवर समपातळी साधली की भरल्यावर तो मागे बसलेला दिसतो.

सरळ रस्त्यावरही ट्रेलर खेकड्यासारखा तिरका चालत असेल तर एक दोरा घ्या. किंगपिनपासून पहिल्या ॲक्सलच्या डाव्या टोकापर्यंत आणि उजव्या टोकापर्यंत अंतर मोजा. दोन्ही सारखी हवीत. एका मिलिमीटरचा फरकही 97 सेंटीमीटरच्या ट्रेलरच्या शेपटीला चांगलाच दिसतो. एक ॲक्सल असा जुळला की बाकीचे त्याला समांतर लावा.

ट्रेलर घरी बांधत असाल तर कोपऱ्यांचं माप कागदावर आधी काढा. ट्रक काटकोनात वळला की ट्रेलरचा पुढचा कोपरा कॅबिनच्या पाठीवर येतो. युरोपातल्या खऱ्या सेमी-ट्रेलरमध्ये किंगपिनपासून पुढच्या भागातला कोणताही बिंदू 2.04 मीटरपेक्षा लांब नसतो. 1/14 मध्ये ते 14.6 सेंटीमीटर. कंपास घेऊन तेवढ्या त्रिज्येचा चाप काढा आणि कॅबिनची पाठ, हवेची टाकी, धुराडं सगळं त्याच्या बाहेर आहे ना ते पाहा. दिव्यांची वायर याच वळणात ताणली जाते, म्हणून ट्रक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मगच तिची लांबी ठरवा आणि ती शाफ्टला घासणार नाही अशी वर बांधा.

दिवे आणि वीज

एलईडी थेट बॅटरीला जोडू नका. 7.2 व्होल्टचा सहा सेलचा पॅक किंवा दोन सेलचा लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) पूर्ण चार्ज झाल्यावर 8.4 व्होल्टच्या आसपास असतो, हिशोब त्याच आकड्यावर करा. पांढरा एलईडी 3.2 व्होल्ट घेतो. उरतात 5.2. प्रवाह 15 मिलीॲम्पिअर हवा तर 5.2 भागिले 0.015, म्हणजे सुमारे 347 ओहम. बाजारात त्याच्या वरचा सहज मिळणारा 390 ओहमचा रेझिस्टर लावा. लाल एलईडी सुमारे 2 व्होल्ट घेतो, त्याला याच हिशोबाने 470. प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रेझिस्टर हवा. एकच रेझिस्टर चार एलईडींमध्ये वाटला तर एक झगमगतो, दुसरा मिणमिणतो. लाइट युनिटमध्ये रेझिस्टर आधीच असतील तर पुन्हा लावायची गरज नाही, पण ते माहितीपत्रकात वाचून खात्री करा.

वळताना दिवे मंद होऊन ट्रक क्षणभर बंद पडत असेल, तर स्पीड कंट्रोलरमधल्या बीईसीवर (बॅटरीचं व्होल्टेज उतरवून बाकी उपकरणांना वीज देणाऱ्या भागावर) सर्व्हो, ध्वनी युनिट आणि दिवे यांचा एकत्र भार पडतो आहे. दिव्यांना वेगळा बीईसी द्या. तो दिल्यावरही ट्रक मधेच झटके देत असेल तर रिसीव्हरची अँटेना पाहा. 2.4 गिगाहर्ट्‌झच्या अँटेनाचं टोकाचं 31 मिलिमीटर हेच खरं काम करतं. ते ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये गुंडाळून ठेवलं तर रेंज घटते. प्लास्टिकच्या कॅबिनमध्ये ते उभं करा.

लिपो वापरणार असाल तर स्पीड कंट्रोलरला लिपोचं कटऑफ, म्हणजे बॅटरी फार उतरली की वीज तोडायची सोय, आहे का ते पाहा. नसेल तर प्रति सेल 3.3 व्होल्टला वाजणारा अलार्म बॅटरीच्या बॅलन्स वायरला (प्रत्येक सेलला जोडलेल्या बारीक वायरला) लावा आणि तो वाजला की थांबा.

रंग, सगळ्यात शेवटी

आता कॅबिन. साच्यातून निघालेल्या एबीएसवर तेलकट थर असतो. भांड्यांच्या साबणाने धुऊन, वाळवून मगच प्रायमर मारा. क्रोमच्या भागांना गोंद लावायचा असेल तर सांध्यापुरतं क्रोम खरवडून काढा, कारण प्लास्टिकचा गोंद क्रोमला धरत नाही. लॅकरवर एनॅमल चालतं. एनॅमलवर लॅकर मारलं तर खालचा थर सुरकुततो. फिकट रंग आधी, गडद नंतर. आणि रेषा ठळक करायला एनॅमल थिनर वापरताना तो ताणाखालच्या स्क्रूच्या भोकांजवळ साचू देऊ नका, एबीएस तिथूनच तडकतं. म्हणून रेषा भरायचं काम कॅबिन चौकटीवर चढवायच्या आधी, सगळे भाग सुटे असतानाच उरकून घ्या.