बेळगावातून माहिती-शोधाच्या परिषदेला जायचं असेल तर

माहिती-शोध म्हणजे मजकुराच्या ढिगातून प्रश्नाला लागू पडणारे दस्तऐवज यंत्राकडून हुडकून घेणं. त्याच्या परिषदेला जायचं तर पहिलं ठरवायचं ते कुठली परिषद. ‘सिगीर’ ही या क्षेत्रातली सगळ्यांत मानाची, युरोपात ‘ईसीआयआर’. तिथले पेपर जरूर वाचा. पण मराठी मजकुरात शोध घेण्याचं काम करणार असाल तर ‘फायर’पासून सुरुवात करा, असंच मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते. भारतीय भाषांसाठीच्या शोधयंत्रणा तपासायला ती २००८ साली सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी हिंदी-बंगालीच्या पंक्तीला मराठी होती. भरते साधारण डिसेंबरात. २०२३ ला पणजीत होती, म्हणजे चोर्ला घाट उतरला की झालं. कोलकात्यात असली तर लोंढ्यावरून जाणारी अमरावती एक्स्प्रेस आहे. तिकीट मात्र तारखा कळल्या कळल्या काढा.

परिषदेच्या काही महिने आधी ‘शेअर्ड टास्क’ जाहीर होतात. आयोजक सगळ्यांना एकच मजकूर आणि एकच प्रश्न देतात. आपल्या यंत्रणेनं हुडकलेली उत्तरं आपण पाठवायची, निकाल आला की त्यावर ‘वर्किंग नोट’, म्हणजे छोटा अहवाल, लिहायची. नवख्यांनी याच वाटेनं जावं. उत्तरांच्या फाइलीत सहा रकाने असतात: प्रश्नाचा क्रमांक, एक ठरावीक खूण, दस्तऐवजाचं नाव, त्याचा अनुक्रम, गुण आणि तुमच्या प्रयोगाचं नाव. रकाना चुकला तर मोजणारा प्रोग्रॅम फाइल वाचत नाही, म्हणून पाठवण्याआधी ‘ट्रेकइव्हल’ हा मोजणारा प्रोग्रॅम घरी चालवून बघा.

पहिला प्रयोग साध्या बीएम२५चा करा; शब्द जुळवून दस्तऐवजांना गुण देणारं ते सूत्र आहे. पायटेरियर किंवा पायसेरिनी ही तयार साधनं वापरली तर तो एका दुपारचं काम आहे. कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली मांडलं की जो शब्द थोड्याच दस्तऐवजांत येतो त्याला जास्त वजन द्यावं. बीएम२५ त्याच विचारावर उभं आहे आणि अजूनही नव्या मॉडेलना घाम फोडतं. बीएम२५चा निकालाचा आकडा हातात नसेल तर पुढच्या कुठल्याही आकड्याला अर्थ नाही.

खरं काम मराठीच्या सफाईत आहे आणि वेळ तिथे घालवा. ‘शेतकऱ्यांना’ हा एकच शब्द बघा. त्यातला ऱ संगणकात कधी एकाच संकेताचा असतो, कधी र आणि खाली नुक्ता असा दोन संकेतांचा, तर जुन्या टंकलेखनात र, हलन्त आणि मग न दिसणारा जोडक. डोळ्यांना तिन्ही सारखे, यंत्राला तीन वेगळे शब्द. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करण्याची पद्धत, पहिल्या दोघांना एक करतं, तिसऱ्याला नाही. त्यासाठी स्वतः नियम लिहा, आणि तो जोडक काढून टाकण्याच्या आधी चालवा. आधी जोडक काढलात तर रफार चढतो आणि चौथाच शब्द तयार होतो.

मग प्रत्यय. ‘उसाच्या’मधून प्रत्यय काढला की ‘उस’ उरतं, ‘ऊस’ नव्हे. ‘विहिरीत’चं ‘विहिर’, ‘गुळाला’चं ‘गुळ’ होतं, आणि ‘पावसाचा’चं ‘पावस’ तर ‘पाऊस’पासून आणखी लांब जातं. ऱ्हस्व-दीर्घ एकच धरले तर पहिले तीन सुटतात, पण ‘दिन’ आणि ‘दीन’ एकमेकांत मिसळतात. फायदा जास्त की तोटा, हे बसून वाद घालण्यापेक्षा मोजा. एका वेळी एकच बदल करा आणि नुसती सरासरी न बघता प्रत्येक प्रश्नाचा आकडा वेगळा काढा. ‘बेळगाव’, ‘बेळगांव’ आणि २०१४ नंतरचं ‘बेळगावी’ या तिघांना समानार्थी म्हणून जोडायला विसरू नका.

आता मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते. यंत्रणा तपासायला वापरतात तो ‘फायर’चा मूळ मराठी संच महाराष्ट्र टाइम्स आणि सकाळच्या २००४ ते २००७ मधल्या बातम्यांचा, सुमारे ९९ हजार दस्तऐवजांचा. बेळगावात निघणारा तरुण भारत त्यात नाही. सीमाभागातला माणूस जे विचारतो, ते पुणे-मुंबईच्या बातम्यांवर बेतलेल्या प्रश्नांत कसं येणार? खानापूरचा शेतकरी ‘उतारा’ शोधतो. महाराष्ट्रातली पानं त्याला ‘सातबारा’ दाखवतात आणि त्याला हवी असलेली माहिती कन्नडमध्ये ‘पहणी’ या नावाखाली असते. हा दोन भाषांमधला शोध आहे आणि तो आपल्याइतका कुणाला ठाऊक नाही. म्हणून दुसऱ्याच्या संचावर आकडे वाढवण्याबरोबर स्वतःचा छोटा संच बांधा. २५ प्रश्नांनी सुरुवात करा, ५० पर्यंत न्या.

असा संच बांधायची पद्धत जुनी आणि भक्कम आहे. १९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्डला सिरिल क्लेव्हर्डन यांनी ती घडवली. १९९२ पासून अमेरिकेतल्या ‘ट्रेक’ या परिषदेनं मोठ्या प्रमाणावर राबवली. प्रत्येक प्रश्नाचे तीन भाग लिहा: दोन-तीन शब्दांचं शीर्षक, एका वाक्याचं वर्णन, आणि कुठला दस्तऐवज चालेल, कुठला नाही हे सांगणारं निवेदन. सगळे दस्तऐवज वाचणं अशक्य, म्हणून तीन-चार वेगळ्या यंत्रणांचे वरचे निकाल एकत्र करा आणि तेवढेच माणसांकडून तपासून घ्या.

निवेदन लिहिताना घाई नको. आमच्याकडे कुठली बातमी प्रश्नाला चालेल याचे निवाडे माझे सासरे देतात. आयुष्यभर निपाणीत तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिला, वाचन दांडगं. संगणकावर बसत नाहीत म्हणून मी बातम्या छापून देते. ‘ऊस बिल थकबाकी’ या प्रश्नावर एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, जाहीर झाल्याची बातमी मी चालेल म्हटली, मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, फुली मारली. म्हणाले, “दर सांगणं वेगळं आणि पैसे जमा होणं वेगळं. ज्याचं बिल अडकलंय त्याला या बातमीचा काय उपयोग?” ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत. शेवटी निवेदनात आम्ही तेच घातलं: त्या मुदतीनंतर न मिळालेल्या पैशांबद्दल असेल तरच चालेल. असे निवाडे देणारी दोन माणसं घ्या, त्यांना एकमेकांचे कागद दाखवू नका आणि दोघांचं किती जुळतं ते कोहेनच्या ‘कॅपा’नं, म्हणजे योगायोगानं जुळलेलं वजा करून एकमत सांगणाऱ्या आकड्यानं, मोजा. जिथे जुळत नाही तिथे बहुतेक वेळा निवेदन अपुरं असतं.

वृत्तपत्राचा मजकूर वापरण्याआधी लेखी परवानगी घ्या. नाही मिळाली तर फक्त प्रश्न आणि निवाडे प्रसिद्ध करा, मजकूर नको.

वर्किंग नोटमध्ये मॉडेलचं वर्णन अर्ध्या पानात आटपा. कुठला बदल कुठल्या प्रश्नाला उपयोगी पडला आणि कुठे फसला, याला जागा द्या. उदाहरणं देवनागरीतच छापा, शेजारी रोमन लिप्यंतर आणि इंग्रजी अर्थ ठेवा. मराठी न येणारे परीक्षकही ती मन लावून वाचतात. दोन प्रयोगांतला फरक खरा की योगायोगाचा, हे सांगायला प्रश्नागणिक जोडी लावून टी-चाचणी करा.

परिषदेत भाषणाऐवजी पोस्टर मिळालं तर नाराज होऊ नका. भाषणानंतर प्रश्नांना जेमतेम काही मिनिटं मिळतात, पोस्टरपाशी मात्र माणसं थांबून बोलतात. सोबत पाच-सहा प्रश्नांचे निवेदनासह छापील कागद ठेवा. कन्नड, तेलुगू, बंगालीवर काम करणाऱ्यांना मुद्दाम गाठा आणि विचारा, जमिनीचा कागद तुमच्याकडे लोक कुठल्या शब्दानं शोधतात. कन्नडवाला जोडीदार मिळाला तर ‘उतारा’ आणि ‘पहणी’चा प्रश्न दोघांनी मिळून पुढच्या वर्षीच्या टास्कसाठी मांडा. असे प्रस्ताव आयोजक दरवर्षी मागवतात.