अव्हॉइडंट पर्सनॅलिटी: गाभ्याच्या धारणेवर काम कसं करायचं

नैराश्यासाठी कॉग्निटिव्ह थेरपीची (विचार तपासून बदलण्याच्या उपचाराची) १२ ते २० सेशन्स बहुधा पुरतात. अव्हॉइडंट पर्सनॅलिटी डिसऑर्डरला, म्हणजे नाकारलं जाण्याच्या भीतीने माणसं टाळत राहण्याच्या विकाराला, तोच हिशोब लावला की फसगत होते. इथे वर्षभराची तयारी ठेवा. नैराश्यात ‘मी कुचकामी’ हा विचार आजाराबरोबर येतो आणि बराचसा त्याच्याबरोबरच जातो. इथे ‘मी कुणाला आवडण्याजोगा नाही’ ही गाभ्याची धारणा, म्हणजे स्वतःबद्दलची खोल रुजलेली समजूत, कळायला लागल्यापासूनची असते. वाद घालून ती हलत नाही. क्लायंट मान डोलावतो आणि घरी जाऊन होता तसाच राहतो.

तो मान डोलावतो, कारण तो तुम्हालाही टाळत असतो. खरं सांगितलं तर मॅडम मनातून उतरवतील, ही भीती पहिल्या सेशनपासून असते. म्हणून अधूनमधून विचारा: ‘मी आत्ता जे चांगलं बोलले, ते ० ते १०० मध्ये किती खरं वाटलं?’ २० म्हणाला तर उत्तम, बोलायला विषय मिळाला. लगेच ९० म्हणाला तर तुम्हाला खूश करायला म्हणाला असेल, हे लक्षात ठेवा.

मग मोजपट्टी. पट्टी जुन्या धारणेची आखू नका, ‘मी आवडण्याजोगा आहे’ या नव्या धारणेची आखा: ०, अजिबात आवडण्याजोगा नाही, १००, पूर्ण आवडण्याजोगा. जुनी धारणा १०० वरून ९० वर आली तर कुणाला जाणवत नाही, पण नवी ० वरून १० वर गेली की क्लायंट सावरून बसतो. आधी एकूण आकडा घ्या. समजा, ५ आला. मग माणूस कशामुळे आवडतो ते त्याच्याकडूनच काढून घ्या आणि प्रत्येक गोष्टीला वेगळे गुण द्यायला लावा. प्रामाणिकपणा ८०, मदतीला धावणं ७०, ऐकून घेणं ७५, गप्पा रंगवणं १५. सरासरी ६०. आता ५ आणि ६० शेजारी लिहा आणि गप्प बसा. इथे थेरपिस्टला बोलायची फार घाई होते.

खरा कस लागतो तो पुराव्याच्या वहीत. नव्या धारणेला दुजोरा देणारी रोज निदान एक घटना, कितीही बारीक असली तरी. पहिल्या आठवड्यात वही कोरी येते. घटना घडलेल्या असतात, पण ‘शेजारच्या काकूंनी चहाला थांबवलं’ हे ‘त्यांना दया आली असेल’ म्हणून वगळलेलं असतं. म्हणून नियम असा करा: आधी घटना लिहायची, ‘पण’ नंतर, वेगळ्या रकान्यात. सुरुवातीचे काही आठवडे सेशनमध्येच दहा मिनिटं देऊन मागचा आठवडा एकत्र चाळा. वही सहा महिने तरी चालवा.

प्रयोग छोटे ठेवा: कॅन्टीनमध्ये एका सहकाऱ्याशेजारी बसून डबा खायचा. काय होईल ते आधी लिहून घ्यायचं, ‘तो उठून जाईल’ इतक्या नेमक्या शब्दांत. मोबाइल खिशात. तो हातात राहिला तर प्रयोग वाया जातो. ‘मोबाइलमुळे निभावलं’ एवढंच पदरात पडतं.

गृहपाठ न होणं हे आळसाचं लक्षण धरू नका. वही उघडायच्या क्षणी काय वाटलं ते विचारा. बऱ्याचदा ‘हे वाटणं मला सोसणार नाही’ असं निघतं. मग आधी सोसण्याचाच सराव: दुखऱ्या विषयावर क्लायंट हसून बोलणं वळवू लागला की थांबवा आणि त्या भावनेसोबत दोन मिनिटं बसायला सांगा. पुढच्या वेळी पाच.

सोबत तीव्र नैराश्य किंवा आत्महत्येचे विचार असतील तर हे सगळं बाजूला ठेवा. आधी मनोविकारतज्ज्ञ आणि सुरक्षिततेची योजना.

शेवटची सेशन्स पंधरवड्याने, मग महिन्याने ठेवा आणि निरोपाची तारीख आधीच बोलून घ्या. नाहीतर निरोप टाळण्यासाठी हा क्लायंट शेवटच्या सेशनला येतच नाही.